सायकलस्वारालाही दिवा लालच दिसतो

रस्त्यावर सायकलसाठी वेगळी मार्गिका आखण्याचा प्रस्ताव पुढे आला, की ठरलेला वाद ठरलेल्या क्रमाने सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, ‘हे लोक सिग्नल पाळत नाहीत, उलट दिशेने येतात, फुटपाथवर चढतात, आधी शिस्त शिकावी, मग मार्गिका मागावी.’ दुसरा पक्ष उत्तर देतो, ‘आमच्या सायकलखाली सापडून कोण मरते? माणसे मारतात त्या मोटारी. नियमही त्यांनाच लावा.’ दोन्ही बाजूंचा आवाज इतका चढलेला असतो, की आपण दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहोत हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. आज जो नियम आहे तो सायकलस्वाराने पाळावा काय, हा एक प्रश्न. तो नियम करताना सायकलचा विचार झाला होता काय, हा दुसरा. मी बरीच वर्षे कामावर सायकलने जातो, आणि माझ्या मते पहिल्याचे उत्तर ‘होय, काटेकोरपणे’ असे आहे, तर दुसऱ्याचे ‘पुष्कळदा नाही’ असे. ही उत्तरे एकमेकांना खोडत नाहीत. दुसऱ्या उत्तराच्या आडोशाने पहिल्यातून सुटू पाहणारा सायकलस्वार आणि पहिल्याचा धोशा लावून दुसऱ्याला बगल देणारा मोटारचालक, दोघेही वाद भरकटवतात.

सायकलस्वाराच्या बाजूने जे सर्वांत भक्कम बोलता येते, ते आधी मान्य केले पाहिजे. दीड हजार किलो वजनाची मोटार ताशी 50 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे 1,45,000 ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. सायकल आणि स्वार मिळून 90 किलो धरले आणि वेग ताशी 20 किलोमीटर मानला, तर हाच आकडा 1,400 ज्यूलच्या आसपास येतो. म्हणजे फरक सुमारे शंभरपटीचा आहे. धडकेत समोरच्याच्या हाडामांसावर जे आदळते ते या ऊर्जेपैकीच असते, आणि म्हणून दोन्ही वाहनांच्या चालकांना एकाच मापाने मोजणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही. त्यात भर अशी, की थांबण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. मोटारचालकाचा पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर जातो, एवढेच. सायकलस्वाराने ब्रेक दाबला की ते 1,400 ज्यूल वाया जातात आणि त्याला ते पुन्हा स्वतःच्या मांड्यांतून काढावे लागतात. सर्वसाधारण माणूस सावकाश पेडल मारताना साधारण 100 वॅट शक्ती लावतो असे धरले, तर ही चौदा सेकंदांची मेहनत झाली. दर शंभर पावलांवर थांबायला लावणारा रस्ता त्याला सपाटीवरही चढ चढायला लावतो. शिवाय थांबलेली सायकल पुन्हा निघताना डगमगते, आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या मोटारी वेग घेत असतात. वळणाऱ्या ट्रकच्या अंगाला चिकटून, चालकाच्या आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, जो हिरव्या दिव्याची वाट पाहत उभा राहिला आहे, त्याने नियम पाळलेला असतो आणि तरीही तो सर्वांत धोक्याच्या जागी असतो.

हे सगळे खरे आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? सायकलस्वाराला शिक्षा कमी असावी, हा निघतो. जर्मनीत लाल दिवा तोडणाऱ्या सायकलस्वाराचा दंड मोटारचालकाच्या दंडापेक्षा कमी ठेवलेला आहे. नियम एक आणि शिक्षेचे वजन दोन, अशी ती व्यवस्था आहे. त्याच्यासाठी थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे आखावी, हाही निष्कर्ष निघतो. प्रत्येक स्वाराने प्रत्येक चौकात आपल्यापुरता कायदा ठरवावा, हा निष्कर्ष मात्र या आकडेमोडीतून कोणत्याही वाटेने निघत नाही. कारण नियमाचे काम केवळ धडकेची तीव्रता कमी करणे एवढेच नाही. समोरचा आता काय करणार, याचा अंदाज अनोळखी माणसांना एकमेकांविषयी बांधता यावा, हे त्याचे अधिक मोठे काम आहे. रस्ता ही अशी जागा आहे जिथे शेकडो माणसे एकमेकांशी एक शब्दही न बोलता सहकार्य करत असतात, आणि या अबोल सहकार्याची भाषा म्हणजे नियम. लाल दिव्यात सुसाट निघालेली सायकल कमी ऊर्जेची असली, तरी तिने त्या भाषेतला एक शब्द खोटा पाडलेला असतो.

ही किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासाठी मोटारीकडून नजर जरा काढावी लागते. सायकलस्वारांच्या युक्तिवादातील मोठी उणीव हीच आहे, की त्यांच्या चित्रात रस्त्यावर दोघेच असतात, बलाढ्य मोटार आणि दुबळी सायकल. त्यात पायी चालणारा नसतो. मोटारीच्या बंद काचेपुढे सायकलस्वार जितका उघडा असतो, तितकाच, किंबहुना अधिक, उघडा तो पादचारी सायकलपुढे असतो. आणि सायकल आवाज करत नाही. पांढरी काठी घेऊन चालणारा अंध माणूस वाहतुकीच्या आवाजावरून रस्ता ओलांडतो. थांबलेल्या इंजिनांची घरघर ऐकून, आता आपली पाळी आहे, हे तो ओळखतो. त्या शांततेत बाजूने सरकन आलेली सायकल त्याच्या जगात अस्तित्वातच नसते. गुडघे धरलेल्या वृद्धाला मागे उडी मारता येत नाही. ‘मी बघून जातो, कोणाला लागू देत नाही,’ असे म्हणणाऱ्या स्वाराला मी एवढेच विचारेन, की तू बघितलेस हे त्या माणसाला कसे कळणार? धक्का न लागताही माणसे घाबरतात, आणि घाबरलेली माणसे हळूहळू घराबाहेर पडेनाशी होतात. हे नुकसान अपघातांच्या नोंदीत कुठेच उमटत नाही.

आणि क्वचित का होईना, धक्का लागतोही. लंडनमध्ये 2016 साली रस्ता ओलांडणारी एक महिला सायकलच्या धडकेने मृत्यू पावली. सायकलला पुढचा ब्रेक नव्हता. ती शर्यतीच्या धावपट्टीवर चालवण्याच्या घडणीची, रस्त्यावर तशीच आणणे बेकायदा असलेली सायकल होती. पुढच्या वर्षी स्वाराला अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि ती द्यायला न्यायालयाला 1861 सालच्या कायद्यातील, घोडागाड्या बेफामपणे हाकणाऱ्यांसाठी लिहिलेले कलम वापरावे लागले. असे मृत्यू मोटारींमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या मानाने अत्यंत थोडे आहेत, हे मी नाकारत नाही. पण ‘थोडे’ हा शब्द ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला ऐकवता येत नाही. तिथे मोडलेला नियम किती किरकोळ वाटणारा होता, हेही पाहण्यासारखे आहे. पुढच्या चाकाचा ब्रेक! सायकल चालवणाऱ्या दहा जणांना विचारले, तर त्यातले किती जण याला गंभीर गुन्हा म्हणतील?

‘नियम मोटारींसाठी झाले, आम्हाला ते उगीच चिकटवले’ हा दुसरा युक्तिवाद इतिहासाचा आधार घेतो, म्हणून इतिहासातच जाऊन तपासू. रस्त्यावरचा पहिला वाहतूक सिग्नल लंडनमध्ये संसद भवनाजवळ डिसेंबर 1868 मध्ये उभा राहिला. जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याची ती कल्पना होती; दिवसा रेल्वेसारखे हात वर-खाली होत आणि रात्री गॅसचे तांबडे-हिरवे दिवे लागत. महिनाभरातच, जानेवारी 1869 मध्ये, गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस भाजला आणि प्रयोग गुंडाळला गेला. तेव्हा मोटार जन्मालाही आलेली नव्हती. तो सिग्नल होता घोडागाड्यांना आवरून पायी माणसांना रस्ता ओलांडता यावा म्हणून. म्हणजे लाल दिव्याचा मूळ लाभार्थी पादचारी आहे, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर समोरून येणारे चाक कोणत्या शक्तीवर फिरते हा तपशील दुय्यम ठरतो.

सायकलचा स्वतःचा इतिहास तर याहून बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलस्वारांना रस्त्यावर यायलाच बंदी होती, अशी गावे आणि उद्याने इंग्लंड-अमेरिकेत होती. घोडे बुजतात हे कारण पुरेसे मानले जाई. त्या पिढीच्या सायकलस्वारांनी काय मागितले? आम्हाला ‘गाडी’ माना, हे. इंग्लंडमधील न्यायालयाने 1879 साली सायकल ही गाडीच आहे असे ठरवले खरे, पण ते बेफाम सायकल चालवणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी. पुढे न्यूयॉर्क राज्याने 1887 मध्ये सायकलला इतर गाड्यांच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि 1888 च्या ब्रिटिश कायद्याने गावोगावच्या बंदीचे पोटनियम रद्द करून सायकलला गाडीचा दर्जा दिला. त्याच कलमात रात्री दिवा लावण्याची आणि कोणाला मागे टाकताना घंटी वाजवण्याची सक्तीही होती. हक्क आणि घंटी एकाच कलमातून आली! रस्त्यावरील वाहतुकीविषयीच्या 1968 च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारानेही व्याख्या ठरवताना सायकल चालवणाऱ्याला ‘चालक’ याच शब्दात बसवले आहे. सायकलस्वाराला इतर गाड्यांबरोबर रस्त्यावर चालण्याचा आणि मोटारचालकाकडून वाट मागण्याचा हक्क आहे, तो याच दर्जामुळे. मोटार अंगावर आली की ‘मीही वाहन आहे’ आणि दिवा लाल झाला की ‘मी तर जवळजवळ पायीच आहे’, ही सोयीची वेशांतरे त्या जुन्या मंडळींना रुचली नसती.

मात्र इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि ‘कायदा म्हणजे कायदा’ म्हणणाऱ्यांनी ती नीट ऐकावी. कायदा आकाशातून पडत नाही. तो लिहिताना कोण बैठकीत होते, यावर त्यात कोण गुन्हेगार ठरते हे अवलंबून असते. 1920 च्या दशकापूर्वी अमेरिकी शहरांत रस्ता सर्वांचा होता, मुले त्यावर खेळत आणि माणसे हवी तिथून ओलांडत. मोटारींनी माणसे मरू लागली, तेव्हा लोकांचा संताप मोटारींवर होता. सिनसिनाटी शहरात 1923 मध्ये बेचाळीस हजारांवर नागरिकांनी सह्या करून अशी मागणी केली होती, की मोटारींना ताशी 25 मैलांपलीकडे धावूच न देणारे यंत्र सक्तीने बसवावे. मोटार विक्रेते आणि त्यांच्या संघटना एकवटल्या, मतदानात प्रस्ताव पडला, आणि पुढच्या काही वर्षांत कथा उलटी झाली. रस्ता मधेच ओलांडणारा गावंढळ, बेशिस्त, स्वतःच्या मरणाला स्वतः जबाबदार, असे ठरले; त्याच्यासाठी हेटाळणीचा खास शब्द रूढ केला गेला आणि त्याच्यावर दंड बसला. धोका निर्माण करणारा निसटला आणि धोक्यात असलेला आरोपी झाला. सायकलस्वारांच्या शिस्तीची आजची चर्चा ऐकताना मला ही गोष्ट वारंवार आठवते.

पण तिच्यातून घ्यायचा धडा सायकलस्वार सहसा उलटा घेतात. नियम पक्षपाती हातांनी लिहिले, म्हणून मी ते मानत नाही, असा. सिनसिनाटीचे नागरिक हरले ते नियम पाळले म्हणून नव्हे. नियम लिहिण्याच्या बैठकीतून ते बाहेर फेकले गेले म्हणून. जो सायकलस्वार म्हणतो की हे नियम मला लागूच नाहीत, तो त्या बैठकीतून आपण होऊन उठून जातो. नियम बदलून मागण्याचा नैतिक अधिकार त्याच्याकडेच राहतो जो तो आज पाळतो आणि पाळताना त्याची निरर्थकता दाखवून देतो.

याचे माझ्या माहितीतील सर्वांत खुसखुशीत उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. तिथे 2015 च्या उन्हाळ्यात, चौकाचौकांतील ‘थांबा’ पाट्यांपाशी पूर्ण न थांबणाऱ्या सायकलस्वारांवर पोलिसांनी मोहीम काढली. सायकलस्वारांनी निषेध कसा केला? नियम अक्षरशः पाळून. एका संध्याकाळी ते रांगेने निघाले, आणि प्रत्येक पाटीपाशी प्रत्येक स्वार एकेकटा येऊन पूर्ण थांबला, पाय टेकला, आणि मग पुढे गेला. पाहता पाहता वाहतूक तुंबली, मागच्या मोटारींचे हॉर्न वाजू लागले, आणि ज्यांच्या समाधानासाठी शिस्तीचा आग्रह होता त्यांनाच ती शिस्त असह्य झाली. नियम काटेकोर पाळा असे म्हणणाऱ्यांना तसे पाळले जाणे प्रत्यक्षात हवे असते काय, हा प्रश्न हजार लेखांनी मांडला नसता इतका स्वच्छ त्या संध्याकाळी मांडला गेला. मी जेव्हा म्हणतो की नियम पाळणे आणि नियमाला विरोध करणे यांत विसंगती नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती रांग असते.

सिग्नल तोडण्याला कोणी कोणी ‘सविनय कायदेभंग’ असे भारदस्त नाव देतात, म्हणून त्याविषयी थोडे. गांधीजींनी मिठाचा कायदा 6 एप्रिल 1930 रोजी मोडला. त्याआधी 2 मार्चला व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार आहोत हे कळवले, 12 मार्चला सर्वांच्या देखत निघाले, चोवीस दिवस चालत गेले, आणि पुढे अटक झाली तेव्हा तिला सामोरे गेले. आगाऊ सूचना, उघडपणा आणि शिक्षेची तयारी, या तिन्ही गोष्टींवाचून कायदेभंगाला ‘सविनय’ हे विशेषण लागत नाही. कोपऱ्यावर पोलीस नाही हे पाहून ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून निसटणाऱ्याने त्या शब्दाला हात लावू नये. तो घाईत आहे, एवढेच खरे. आणि घाई असणे हा गुन्हा नसला तरी तत्त्वज्ञानही नाही.

नियम बदलतात काय? बदलतात, आणि बदलताना किती नेमकेपणाने बदलतात हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्याने 1982 मध्ये वाहतुकीचे कायदे नव्याने लिहिले, तेव्हा ‘थांबा’ पाटीपाशी पुरते न थांबलेल्या सायकलस्वारांचे किरकोळ खटले न्यायालयांचा वेळ खात आहेत ही तक्रार होती. म्हणून सायकलसाठी त्या पाटीचा अर्थ ‘वेग कमी करा, कोणाचा हक्क असेल तर त्याला वाट द्या, नसेल तर जा’ असा करण्यात आला. पुढे लाल दिव्यालाही सवलत मिळाली, पण ती पूर्ण थांबून, वाट देऊन मग जाण्याची. जवळजवळ साडेतीन दशके आयडाहो या बाबतीत एकटे राहिले. 2017 मध्ये डेलावेअर आणि नंतर ऑरेगॉन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो अशी राज्ये कमीअधिक फरकाने त्या वाटेवर आली. कॅलिफोर्नियात मात्र 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी नाकारले. पॅरिसने काही निवडक चौकांतच, सिग्नलखाली सायकलचे छोटे त्रिकोणी चिन्ह लावून, लाल दिव्यात ठरावीक दिशेने जाण्याची मुभा दिली, आणि ती देताना पादचाऱ्याचा अग्रहक्क कायम ठेवला. आयडाहोचे नाव घेऊन ‘तिथे तर सायकलला सिग्नलच नाही’ असे सांगणारे अनेक भेटतात. तिथे सायकलला सिग्नल आहे. त्याचा अर्थ विचार करून ठरवला आहे. आणि प्रत्येक सुधारणेत वाट देण्याचे कर्तव्य जसेच्या तसे राहिले आहे. नेमके हेच कर्तव्य स्वतःपुरता कायदा करणारा स्वार सर्वांत आधी विसरतो.

आता मोटारवाल्यांच्या त्या लाडक्या अटीकडे वळू: आधी शिस्त, मग मार्गिका. ही अट ऐकायला व्यवहारी वाटते आणि मुळातच अन्यायाची आहे. मोटारचालक वेगमर्यादा मोडतात, जगात सर्वत्र मोडतात, म्हणून पुढचा उड्डाणपूल त्यांच्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत रोखून धरा, असे कोणी कधी म्हटले आहे काय? मोटारचालक चुकला तर तो एकटा चुकतो. सायकलस्वार चुकला तर ‘हे सायकलवाले’ चुकतात. सुरक्षितता हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही, आणि एकाच्या वागणुकीवरून दुसऱ्याला ते नाकारणे तर त्याहून वाईट. नेदरलँड्समध्ये 1971 या एकाच वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ या घोषणेचे आंदोलन उभे राहिले, 1973 च्या तेलसंकटाने त्याला हात दिला, आणि देशाने रस्ते बदलायला घेतले. त्या मुलांनी आधी सिग्नल पाळून दाखवले होते काय, असे तिथे कोणी विचारले नाही.

रस्त्याची रचनाही वागणूक घडवते, हे कोपनहेगनच्या नॉरेब्रोगाडे या रस्त्यावर दिसते. तिथले सिग्नल ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलला एकामागून एक हिरवे मिळतील असे जुळवलेले आहेत. बहुतेक शहरांत ही जुळवणी मोटारीच्या वेगाची असते आणि सायकलस्वार प्रत्येक चौकात नेमका लाल दिव्यावर येऊन आदळतो. मग तो बेशिस्त आहे अशी नोंद होते. शिस्त आणि सोय यांची इतकी ताटातूट करणारा नियम टिकत नाही, हा अनुभव करांपासून ते रांगांपर्यंत सगळीकडचा आहे. तरीही, आणि इथे माझे सायकलस्वार मित्र माझ्यावर रागावतात, गैरसोयीचा नियम आणि अन्यायाचा नियम यांत फरक केला पाहिजे. चौदा सेकंदांची मेहनत ही गैरसोय आहे. उलट दिशेने येऊ नये, रात्री दिवा असावा, फुटपाथ पादचाऱ्याचा, झेब्रा पट्ट्यांवर माणूस असेल तर थांबावे, यांत तर गैरसोयीचाही प्रश्न नाही. यांतले बहुतेक नियम मोटारयुगाची देणगी नाहीत आणि वर सांगितलेल्या एकाही सुधारणेने ते सायकलला माफ केलेले नाहीत. वाद फक्त रिकाम्या चौकातल्या लाल दिव्याचा आहे, आणि त्या एका दिव्याच्या आड हे सगळे नियम मोडले जातात.

तो रिकामा चौकही टाळत नाही. रात्रीचे अकरा, चारही बाजूंना चिटपाखरू नाही, आणि दिवा लाल. माझ्या वाटेवर असा एक चौक आहे. तिथला सिग्नल रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावर चालतो. वर धातूचा मोठा तुकडा आला की त्याला गाडी आल्याचे कळते. माझी हलकी सायकल त्याला बहुधा जाणवत नाही, त्यामुळे मागून मोटार येईपर्यंत माझ्यासाठी दिवा हिरवा होतच नाही. काही ठिकाणी अशा न उमजणाऱ्या सिग्नलपाशी ठरावीक वेळ थांबून जाण्याची कायदेशीर मुभा दुचाक्यांना दिलेली आहे. मी राहतो तिथे ती नाही. मी उतरतो, कडेला जाऊन पादचाऱ्यांचे बटण दाबतो, आणि हिरवा माणूस उजळला की सायकल हातात धरून चालत पलीकडे जातो. एवढ्या वेळात कधी कधी दुसरा एखादा सायकलस्वार न थांबता निघून जातो आणि जाताना माझ्याकडे पाहून हसतो. त्या वेटोळ्याची संवेदनशीलता वाढवावी, किंवा सायकलने नेमके कुठे उभे राहावे याची खूण रस्त्यावर रंगवावी, अशी दोन पत्रे मी संबंधित खात्याला पाठवली आहेत. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. तिसऱ्या पत्रावर त्या हसणाऱ्याचीही सही घ्यायची आहे. पण त्यासाठी त्याला एकदा तरी तिथे थांबावे लागेल.